एल्साने सोडलेली जागा

एल्सा निएमी माझ्या शेजारच्या टेबलावर सरोवराचं पाणी तपासते. ड्यूलुथच्या या प्रयोगशाळेत मी म्हातारी झाले, पण बर्फाखालच्या शेवाळाबद्दल इतकं बोलणारी दुसरी बाई पाहिली नाही. जेवतानासुद्धा तेच. "अगं, घास तरी गिळ!" मी ओरडायची.

तिला पीएचडी करायची होती. बापाची फुप्फुसं खाणीने खाल्लेली, घर हिच्या पगारावर. फी माफ आणि वर विद्यावेतन, अशी जागा मिळाली तरच ती जाऊ शकणार. चार हिवाळे प्राध्यापकांना पत्रं लिहीत होती. बहुतेक जण उत्तरच देत नसत. मेल्यांना दोन ओळी लिहायला काय धाड भरते?

यंदा मात्र दोन जागा चालून आल्या. एक डकोटात, मातीवरच्या कामाची, पैसे मंजूर झालेली. दुसरी तिच्या लाडक्या बर्फाची. तिथले प्राध्यापक फोनवर म्हणाले, "अनुदान आलंच समजा." मिळालेली जागा एप्रिलच्या मध्यापर्यंत धरून ठेवता येते. पण भली माणसं नको असलेली आधीच सोडतात, म्हणजे यादीत ताटकळणाऱ्याला ती मिळते.

"लेखी येईपर्यंत डकोटा सोडू नकोस," मी बजावलं.

"तिकडे कुणीतरी जीव मुठीत धरून बसलं असेल, डार्लीन. मी बसलेय ना इतकी वर्षं!"

आणि सोडली बाईने.

ते कुणीतरी म्हणजे आमचाच कर्टिस निघाला, समोरच्या टेबलावरचा. त्याला डकोटाचं बोलावणं आलं तेव्हा पोरगं प्रयोगशाळेभर नाचलं. एल्साने स्वतःच्या हाताने केक करून आणला.

मे महिन्यात बर्फवाल्या प्राध्यापकांचा फोन आला. अनुदान वरूनच थांबलं होतं. बिचारे रडवेले झाले म्हणे. स्वतःच्या खर्चाने येणार असाल तर या, म्हणाले. स्वतःच्या खर्चाने! डोंबल! एल्साने लगेच डकोटाला फोन लावला. जागा भरली होती आणि कुणी भरली ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी तरातरा कर्टिसकडे निघाले, तर तिने माझा दंड पकडला.

"त्याला कळलं तर तो वेडा जागा सोडेल. ती मला थोडीच मिळणार आहे? यंदाची निवड संपली, जागा आता तशीच रिकामी जाईल. तू काही बोलायचं नाहीस."

मी तोंड शिवलं. पण आतून नुसती जळत होते. कुणावर चिडायचं तेच कळेना.

ऑगस्टमध्ये कर्टिस निरोप घ्यायला आला. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल, पैज! तू बर्फात, मी मातीत. आधी डॉक्टर कोण होतं बघू."

एल्सा मनापासून हसली. "तूच होणार रे," म्हणाली.

"बघा, आत्ताच घाबरली!" तो मला डोळा मारून म्हणाला.