दोरीपलीकडचा अळू

काल मीरारोडच्या बाजारातून आणलेला अळू चिरताना बोटांना खाज सुटली आणि मी थेट इंग्लंडमधल्या त्या बागेत जाऊन पोचले.

माझी तेव्हा तिकडे नोकरी होती. आई आमच्या राई गावाहून महिनाभर राहायला आली होती. एका जुन्या जमीनदाराची, शंभर वर्षांपूर्वी होती तशीच पुन्हा उभी केलेली बाग बघायला मी तिला हौसेने नेलं. गुलाबांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पुढे दोरी लावलेल्या वाफ्यात चक्क अळू होता, नावाची पितळी पाटी लावलेला.

"अगो, आपल्या मोरीवरचा अळू हाय ह्यो," म्हणत तिने नखाने तीन पानं खुडली. राईत अळू न्यायला कुणी कुणाला विचारत नाही.

म्हातारा माळी धावत आला. "या तुमच्याबरोबर आहेत का?" त्याने मला इंग्रजीत विचारलं.

मी मान हलवली. नाही.

पानं खुडल्याचा धक्का तेव्हाच ओसरला. माझी मान किती चटकन हलली, याचा अजून बसतो.

आईने पानं त्याच्या हातात दिली. परतताना बसमध्ये ती बराच वेळ बोटं खाजवत होती. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "न्हाय बोललीस ना, मना समजला."