दारापलीकडची लेक

लेक आठ दिवसांची असताना माझ्या पोटावर दोन पाणीदार फोड दिसले. घामोळं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळपर्यंत पाठीवर, मानेवर, केसांत फोड आले आणि अंग तापलं. सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या गल्लीत तेव्हा दोन-तीन मुलांना कांजण्या आल्या होत्या. मला लहानपणी कधी आल्या नव्हत्या, त्या आता आल्या.

डॉक्टरबाईंनी बाळाला तपासलं, एक इंजेक्शन दिलं आणि मला म्हणाल्या, "बेन, छोकरीने अलग सुवडावजो. मुलीला वेगळं झोपवा. खपल्या धरेपर्यंत जवळ घ्यायचं नाही. दूध काढून द्या, ते चालेल."

"किती दिवस?"

"दहा, बारा. फोडांवर आहे."

आमचं घर म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि तिच्या टोकाला स्वयंपाकाचा ओटा नि मागचं दार. न्हाणीघर पुढच्या दाराला लागून, म्हणून पुढची खोली मला मिळाली. मागच्या खोलीत सासू आणि लेक; सासूला कांजण्या लहानपणीच येऊन गेल्या होत्या. मधलं दार लावून घेतलं. नवरा समोरच्या गल्लीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात रातपाळीला होता. त्यालाही कांजण्या आलेल्या नव्हत्या, म्हणून तो दिवसा एका मित्राच्या खोलीवर झोपायला जाऊ लागला. माझ्या आईला मीच येऊ नको म्हटलं. माहेरी वहिनीला आठवा महिना होता, आणि कांजण्या तिकडे गेल्या असत्या तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

सासूने पुढच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचला. तो पाहून शेजारणी उंबऱ्यावरूनच परत जायच्या. त्यांचं चुकत नव्हतं, घरोघरी लहान मुलं होती.

दिवस कसाबसा जायचा. मी हात साबणाने धुऊन स्टीलच्या वाटीत दूध काढायची आणि वाटी दाराशी ठेवून लांब सरकायची. दार वीतभर उघडायचं, सासूचा बांगड्यांचा हात यायचा, वाटी आत जायची. थोड्या वेळाने बोंडल्याचा आवाज, लेकीचं चुळबुळणं, मग ढेकर. दिवसा मला हे सगळं ऐकू यायचं, कारण मी दाराला कान लावून बसायची.

रात्री मात्र काहीच ऐकू यायचं नाही. आमच्या भिंतीपलीकडेही एका कारखान्याचे लूम चालतात. लग्न होऊन आले तेव्हा तो खडखडाट डोक्यात घुसायचा, पुढे तो आहे हेही विसरले. त्या रात्रींत तो पुन्हा सुरू झाला. आठ दिवसांच्या बाळाचा श्वास असा किती मोठा असतो? लूमच्या आवाजाखाली तो सापडेचना. मी अंथरुणावर पडून विचार करायची : आता तिच्या नाकावर दुपट्याचं टोक आलं असेल. आता तिने दूध ओकलं असेल आणि ते घशात अडकलं असेल. सासू दिवसभर राबते, ती गाढ झोपली असेल. मग मी उठून दाराशी जायची.

"आई?" मी हळूच म्हणायची.

"हा."

"ती ठीक आहे ना?"

"जपेल शे. तू बी जप." झोपली आहे, तूही झोप. सासू घरात अहिराणीच बोलायची. मी नाशिककडची, मला ती समजायची पण बोलता यायची नाही.

मी परत येऊन पडायची. दहा मिनिटांनी पुन्हा तोच विचार. पुन्हा विचारायला लाज वाटायची. सासू म्हणेल, हिचा माझ्यावर भरवसा नाही. मग मी न विचारता दाराशी नुसती उभी राहायची, फोड खाजवायचे नाहीत म्हणून हात काखेत दाबून.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने एक जुना मोबाईल मागच्या खोलीत घोडियाजवळ लावून दिला. घोडियू म्हणजे लोखंडी घोडीवर टांगलेली कापडाची झोळी, सुरतेत घरोघरी असते. रात्री व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा आणि मी इकडे पाहत राहायचं, असं ठरलं. पण रात्री मागच्या खोलीत दिवा नसायचा, उजेडात लेक जागायची. पडद्यावर काळोख आणि त्यात हलणारे करडे ठिपके. ते ठिपके मला कधी तिची छाती हलल्यासारखे वाटायचे, कधी हलणं थांबल्यासारखे. दोन रात्री मी त्या काळ्या पडद्याकडे डोळे फाटेपर्यंत पाहत राहिले. तिसऱ्या रात्री कॉल तुटला आणि लागेचना. मी मोबाईल उशीखाली टाकला तो पुन्हा लावला नाही.

संध्याकाळी कामावर जाण्याआधी नवरा खिडकीच्या गजांशी यायचा. "काय आणू?" विचारायचा. मला काही नको असायचं. तो थोडा वेळ उभा राहायचा, मग शिफ्टची वेळ व्हायची. एकदा मी म्हणाले, "मला भीती वाटते रे." तो म्हणाला, "आई आहे ना तिच्याजवळ." त्याचं म्हणणं खरं होतं. पण त्यानंतर मी त्याला भीतीबद्दल काही बोलले नाही.

पाचव्या रात्री वीज गेली. एकाएकी सगळे लूम थांबले. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. लांबचं कुत्रं, कुणाच्या तरी घरातलं खोकणं, सगळं ऐकू येत होतं. फक्त मागच्या खोलीतून काही नाही. हाक मारली असती तरी चाललं असतं, पण ते मला सुचलं नाही. मी धावत जाऊन दार उघडलं.

अंधारात सासू ताठ बसली होती. भिंतीला टेकलेलीही नव्हती. तिचा एक हात झोळीच्या आत होता.

"मांगे व्हय!" ती ओरडली. मागे हो. इतक्या मोठ्याने ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. लेक दचकून रडायला लागली. मी दार ओढून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसले. आत रडणं, बाहेर मी. तिला गप्प करायचं काम माझं होतं आणि मला ते करता येत नव्हतं. थोड्या वेळाने वीज आली, लूम सुरू झाले आणि ते रडणंही बुडालं.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं सासू बोलणार नाही. ती दिवसभर बोललीही नाही. सांजवेळी दाराखालच्या फटीतून एक सुती दोरी सरकत आत आली.

"हाई दोरी धर," पलीकडून आवाज आला. "ओढ."

मी ओढली. पलीकडे घोडियू करकरलं.

"पोर मजार शे. वजन लागी तुना हातले." पोर आत आहे, तुझ्या हाताला वजन लागेल.

खरंच लागलं. रिकामी झोळी हलकी येते, हिला एक ओढ होती. मी अंथरूण दाराजवळ आणलं आणि त्या रात्री बोटाला दोरीचा फेरा घेऊन झोका देत राहिले. मधेच दोरीला बारीक हिसका बसायचा. तिने पाय झाडलेला असायचा. भीती गेली नाही. मी झोपले असंही नाही. पण दाराशी उभं राहायची गरज उरली नाही, आणि दोन-तीन वेळा डोळा लागला तोही दोरी हातात असताना.

बाराव्या दिवशी खपल्या सुकल्या. डॉक्टरबाईंनी हो म्हटलं. मी कडुलिंबाच्या पाण्याने न्हाले, धुतलेली साडी नेसले आणि मधलं दार उघडलं. सासूने लेकीला माझ्या हातात दिलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं करून रडू लागली. मी छातीशी धरलं तरी थांबेना. शेवटी सासूने घेतलं तेव्हा गप्प झाली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बारा दिवस जिच्या श्वासासाठी मी जागले, तिला मी परकी होते.

तिला माझी सवय व्हायला चार-पाच दिवस लागले. माझी झोप मात्र लगेच आली नाही. ती कुशीत असायची तरी मी तिच्या नाकापुढे बोट धरून पाहायची.

एका दुपारी दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी सासूला विचारलं, "त्या दिवशी लाईट गेली तेव्हा तुम्ही अशा बसल्या होतात. झोप लागली नव्हती का?"

ती मेथीकडेच पाहत म्हणाली, "रोजच बसू मी. लूमना आवाजमा माले बी काय आयकू ये ना. मंग पोरना आंगवर हात ठेवी बसू."

"मग मी विचारायचे तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू आजारी. तुले काय सांगू? माले बी भ्याव वाटे."

बारा रात्री आम्ही दोघी एका दाराच्या दोन बाजूंना जाग्या होतो. ती मला जप म्हणायची, आणि मी ती झोपली असेल म्हणून घाबरायची. तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि उठली.

लेक तिसऱ्या महिन्यात असताना एका सकाळी डोळे उघडले तर खोलीत ऊन आलं होतं. मी रात्री एकदाही उठले नव्हते. झटकन वळून पाहिलं तर ती जागी होती, मूठ तोंडात घालून पंख्याकडे पाहत पडली होती. मीही तशीच पडून राहिले. पलीकडे ओट्यावर सासू चहाचं आधण ठेवत होती.