वनिताबाईंचं लोणचं

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. आमच्या संस्थेच्या रविवारच्या बाजारात सावलीची खुर्ची दुसऱ्याला गेली आणि मला उन्हातलं स्टूल मिळालं. जाहीर निषेध करणारच होतो.

गावचा माल थेट गोंदियाच्या घरात, मध्ये कुणी नाही, असं आम्ही सांगतो. आज मध्ये मी आलो.

माझ्याच गल्लीतल्या एका बाईंनी लोणच्याची बरणी उचलून विचारलं, "किसके घर का है, भैया?" या प्रश्नात जात विचारलेली असते, हे मला पक्कं ठाऊक. तरी हसत म्हणालो, "पाटलांच्या." बरणी खपली.

लोणचं कामठा गावच्या वनिताबाई मेश्राम यांचं. त्या शेजारीच उभ्या होत्या.

"भाऊ, लोणचा मीनं घातला. पाटलाचा नाव काऊन सांगतला जी?"

"खपावं म्हणून."

"नसता खपला तं घरी खाल्ला असता."

समतेवर भाषणं ठोकणारा मी; जाहीर निषेध माझाच करायला हवा होता.

संध्याकाळी बरणी घेणाऱ्या गल्लीतल्या बाईंच्या दारात गेलो. "लोणचं वनिताबाई मेश्राम यांच्या घरचं आहे. मी खोटं बोललो."

त्यांनी बरणी आणून माझ्या हातात ठेवली. "पहले बताना था ना!"

मी पैसे परत केले. म्हटलं, "हो. तेव्हाच सांगायला हवं होतं."