ओवाळलेल्या साहेबांची जनसुनावणी

मांडवाच्या तोंडाशीच माझ्या हातात ताट दिलं. निरांजन, कुंकू, सुपारी. देणारा कारखानदाराचा पुतण्या. पांढरे कपडे, कपाळावर चढवलेला काळा चष्मा. म्हणाला, "वहिनी, बरं झालं आलात. एक बाई कमीच पडत व्हती. साहेबांना ओवाळा, मग बसा निवांत."

मी ओवाळायला आले नव्हते. इंदापूर तालुक्यात आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला इथेनॉलचा कारखाना यायचा होता. त्यानं पाण्याचं, हवेचं काय होईल, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारनं जनसुनावणी ठेवलेली. मी हरकत घ्यायला आले होते. पर्यावरणाचा अहवाल मी पूर्ण वाचला होता. लिहिणाऱ्यांनी वाचला असेल असं वाटत नाही. त्यात आमचा ओढा 'कोरडा, विनावापर' होता. पाहणी भर मे महिन्यातली. मे महिन्यात बघितलं तर समुद्र सोडून सगळंच कोरडं. त्या ओढ्याच्या काठाला आमची विहीर आहे. तिच्यावर आमची वांगी, दोडका आणि आमचं पिणं.

तरी मी ओवाळलं. बाकीच्या बायका पुढं झाल्या, त्यांच्या मागं मी. लहानपणापासून हात तसाच वळलेला. सुनावणी घ्यायला आलेले सरकारी साहेब फोनमध्ये बघत होते. न बघताच त्यांनी कपाळ पुढं केलं. बेंदराचा बैलसुद्धा ओवाळणारीकडं एकदा बघतो.

मग फेटे, शाली, नारळ. सल्लागार कंपनीच्या माणसानं पडद्यावर हिरवीगार झाडं दाखवली. ती अजून लावायची होती. मग निवेदक म्हणाला, "महिला भगिनींनी औक्षण करून प्रकल्पाला आशीर्वाद दिलेला आहे. महिलांची बाजू झाली."

टाळ्या.

मी उठले. माइक पुतण्याच्या हातात. "वहिनी, आता काय ऱ्हायलं? आत्ताच ओवाळलं की तुमी."

मांडव हसला. माझा दीरही हसला. तोही त्याच विहिरीचं पाणी पितो. भावकीतले तात्या समजुतीनं म्हणाले, "सूनबाई, ज्याला ओवाळलं त्याच्या इरोधात बोलू न्हाय. रीत हाय."

तेव्हा ताटाचा उपयोग कळला. बाईचं तोंड बांधायला कापड लागत नाही. एका वातीत भागतं.

ताट टेबलाच्या कडेला होतं. निरांजन अजून जळत होतं. मी ते उचललं, साहेबांसमोर धरलं आणि तोंडानं फुंकून विझवलं. आमच्याकडं दिवा कुणी फुंकत नाही. साहेबांनी पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

"ओवाळणं मोडलं," मी म्हणाले. "आता हरकत ऐका. पावसाळ्यात ओढा काठोकाठ वाहतो. तवा कारखान्याची घाण कुठं जाणार? आमच्या हिरीत?"

साहेब म्हणाले, "नोंद घेतो." पेन उचललं नाही. पुतण्यानं लगेच जेवण जाहीर केलं. माझी हरकत जिलेबीच्या पाकात बुडाली. सल्लागार मठ्ठ्याचे भुरके मारत होता.

तेव्हापासून भावकीत मी अपशकुनी. असू दे. माझ्या फुंकरीनं गाव बुडणार आणि कारखान्याच्या मळीनं तरणार, असा त्यांचा अभ्यास आहे.

सुनावणी परत लागेल, नाहीतर शेजारच्या गावात दुसऱ्या कुणाची लागेल. मी जाणार. ओढ्याकाठच्या बायकांना एकच सांगितलंय: ताट धरायचं नाही. साहेबांना ओवाळायचंच असेल तर पुतण्यानं ओवाळावं. आम्हाला हात मोकळे लागतील. माइक मागून मिळत नाही.