लिंबाला टांगलेला तांब्या

आमच्या गावाखाली काहीतरी गुरगुरतं. कुरुंद्याकडच्या या पट्ट्याला ते नवं नाही. भरदुपारी पायाखालून जड गाडी गेल्यासारखा आवाज होतो, फळीवरची भांडी किणकिणतात आणि सगळं गाव घराबाहेर पळतं. एकट्या नर्मदाबाई तेवढ्या घरात पळायच्या.

नर्मदाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. हात सढळ, तोंड त्याहून सढळ. नवरा माणिकराव वारल्यापासून मातीच्या घरात एकट्या राहायच्या. घराची मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. सरपंचांनी समजावलं, लेक रडून गेली. “मरायचं तं घरातच मरीन,” एवढंच उत्तर. मी विज्ञान शिकवतो. भूतखेत माझ्या अभ्यासक्रमात नाही आणि हट्टी माणसं मला सहन होत नाहीत. मीही एकदा त्यांच्यावर चांगलाच ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. डिझाइन थिंकिंग. त्यातून मुलं भविष्यासाठी तयार होतात म्हणे. जेवण बरं होतं म्हणून शेवटपर्यंत बसलो, पण त्यातलं एक डोक्यात राहिलं: उपाय शोधण्याआधी ज्याची अडचण आहे त्याच्याजवळ जाऊन बसा. मग पुठ्ठ्या-दोरीचा नमुना करा, वापरून पाहा, फसला तर मोडून पुन्हा करा. सातवीच्या वर्गाला म्हणालो, गावातली एक अडचण निवडा. प्रियंका नावाची पोरगी उठली.

“सर, नर्मदाआजी बाहीर येत न्हाईत, ही.”

पोरं शेवटी माझीच. कुणाला काही न विचारता त्यांनी सायकलची घंटी, दोरी आणि दगड जोडून धोक्याची घंटा केली आणि आजींच्या दाराला बांधली. जमीन गुरगुरली, घंटा बरोबर वाजली. “लई ग्वाड वाजती रे लेकरांनो,” असं म्हणून नर्मदाबाई आत निघून गेल्या.

पोरं हिरमुसली. “तुम्ही त्यांच्याजवळ बसलात का?” मी विचारलं. दुसऱ्या दिवशी आजी तांदूळ निवडत होत्या तिथं प्रियंका जाऊन बसली. मी खांबाशी उभा होतो. बाहेर का येत नाही, असं तिनं विचारलंच नाही.

“आजी, तुमी आत जाऊन करता काय?”

नर्मदाबाईंचा हात सुपात थांबला. “पानी भरते. तुझे आजोबा वावरातून आले की अंगठीनं तांब्या वाजवायचे. टण, टण. मंग म्या पानी घेऊन जायची. आता जमीन गुरगुरली की फळीवरचा तांब्या तसाच वाजतो. ते येऊन राहिले अन् म्या बाहीर पळू व्हय?”

मला हसू यायला हवं होतं. अंगावर काटा आला.

“आजोबा पानी कुठं बसून प्यायचे?” प्रियंकानं विचारलं.

“बाहीर. लिंबाखाली.”

“मंग तांब्या आत काहून?”

नर्मदाबाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच पदराखालून तांब्या आणला आणि पोरांपुढं ठेवला. अंगणाच्या टोकाला कडुलिंब आहे. पोरांनी त्याच्या फांदीला तारेनं तांब्या टांगला, आपटून वाजावा म्हणून बाजूला एक ताट बांधलं. पुढच्या खेपेला जमीन हलली तेव्हा गावात हळद शिजत होती, सगळीकडं वाफ होती. तांब्या वाजला आणि नर्मदाबाई पाण्याचा पेला घेऊन लिंबाखाली येऊन उभ्या राहिल्या. मला इतका आनंद झाला की मी घरी बायकोला तेच तेच सांगत राहिलो.

पण तांब्या वाऱ्यानंही वाजायचा. प्रत्येक झुळकीला आजी पाणी घेऊन बाहेर. “या वाऱ्यानं मला येडी केली,” त्या म्हणाल्या. तेव्हा तांब्याला वजन लावायचं ठरलं. पोरांनी तो ताटासकट उतरवून शाळेत आणला. तार तेवढी फांदीला राहिली.

त्याच दुपारी गुरगुर आली ती शाळेचे पत्रे हलवत. नर्मदाबाई खिचडी वाटून नुकत्याच घरी गेल्या होत्या. आम्ही मुलं मैदानात काढली. माझ्या हातात काहीतरी जड होतं. प्रियंकानं ते पाहिलं.

“सर, तांब्या तं तुमच्याकडं हाय. आजीकडं काय वाजंल?”

ती पळत सुटली, तिच्यामागं मी.

मागची भिंत छपरासकट आत बसली होती. धुळीत काही दिसेना. हाक मारायचा मला धीर होईना, कारण ओ आली नसती तर काय केलं असतं? एवढ्यात अंगणाच्या टोकाकडून चिडलेला आवाज आला.

“आले ना म्या! किती वाजवायचं मानसानं?”

नर्मदाबाई लिंबाखाली उभ्या होत्या, हातात पेला. पाठीमागं घर पडलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“मावशी, काय वाजलं?” मी विचारलं.

“तांब्या. जमीन गुरगुरायच्या आधीपासून वाजून राहिला व्हता.”

मी हातातला तांब्या पुढं केला. त्यांनी तो पाहिला, मग वर पाहिलं. वारा पडला होता, तार नुसतीच लोंबत होती. पेला रिकामा होता. पाणी सांडलं असेल म्हणून मी खाली वाकून बोटांनी माती चाचपली. ती कोरडी होती.

आता त्याच अंगणात त्यांना पत्र्याची खोली झाली आहे. पोरं वजन लावलेला तांब्या परत घेऊन गेली, तर त्यांनी तो घेतला नाही. “शाळंत टांगा. तुमच्या बी भिंती जुन्या हायत. मला नुसती तार बी पुरती.”

तालुक्याहून साहेब आले, नमुना यशस्वी झाला का म्हणून विचारून गेले. झाला म्हणालो.

तांब्या सातवीच्या दारात आहे. वजन लावल्यापासून वाऱ्यानं हलत नाही. तरी एखाद्या शांत दुपारी तो वाजतो. मग मी जमिनीचा कानोसा घेत बसत नाही, आधी पोरांना मैदानात काढतो. आणि सगळ्यांच्या मागून निघताना टेबलावरचा पाण्याचा पेला भरून बरोबर घेतो.