कॅरिअर नसलेली सायकल

वसुधाताईंच्या सायकलीला कॅरिअर नव्हतं. म्हणजे सायकल घेतली तेव्हा होतं, पण त्यांनी स्वतः पाना घेऊन ते खोलून टाकलं होतं. वाड्यामागच्या मोरीजवळ दोन विटांवर ते कॅरिअर आडवं ठेवलेलं असे आणि घरातले सगळे त्यावर साबणाची वडी आणि घासणी ठेवत. पांढरकवड्याला नोकरीसाठी येऊन मी ताईंच्या भावाच्या, म्हणजे वकीलसाहेबांच्या, मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा मला ती गंमत वाटली होती. गंमत नव्हती ती. बंड होतं.

ते पहिल्याच रविवारी कळलं. ताई सायकल बाहेर काढत होत्या. माझी बायको लगबगीनं ओटीची पिशवी घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, केळापूरकडंच चालल्या ना? देवीला एवढी ओटी पोचवाल?"

ताईंनी मागच्या चाकाकडं बोट दाखवलं. "ठेवा, कुठी ठेवता ते."

बायको गोंधळली. मग ताईच हसून म्हणाल्या, "रागावू नका. आमच्याकडं रिकामी सायकल लोकाइले पाहावत नाही. कोणाचं दळण, कोणाचा डबा, कोणाचं पोरगं शाळेतून आणा. फिरणं राह्यते बाजूले अन् मी होते हमाल. आठवडाभर कोर्टात लोकाइचे भांडणं टाइप करते. रविवार माझा आहे."

"पण मग जाता कुठं?" बायकोनं विचारलं.

"कुठीच नाही. नुसती जाऊन राह्यली."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ताई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. लग्न केलेलं नव्हतं, का नाही ते कोणी विचारलं तरी त्या हेच उत्तर देतील अशी मला धास्ती होती. गावाबाहेर कालवा होता, लोक त्याला नहर म्हणायचे. त्याला पाणी सुटायचं ते खात्याच्या मनात आलं तर. पण कालव्याच्या पाळीवरून गेलेला मुरमाचा रस्ता मात्र खासा होता. ना ट्रक, ना काळीपिवळी, ना हॉर्न. एका बाजूला कोरडा कालवा, दुसऱ्या बाजूला कपाशीचं, तिकडच्या भाषेत पऱ्हाटीचं, रान, काठानं बेशरमाची झुडपं आणि त्यांची जांभळी फुलं. सुरुवातीलाच पाटी होती, 'खासगी वाहनांस मनाई'. जिल्ह्यात लोकांच्या भल्याची एवढी एकच पाटी आहे, असं ताई म्हणायच्या.

त्याच पाळीवरून मीही रोज सकाळी चालायला जायचो. मला साखर निघाली होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या फिरण्यावर कधी कोणी अवाक्षर काढलं नाही. पुरुष औषध म्हणून फिरला तर शहाणा, आणि बाई आनंदासाठी फिरली तर तिचं डोकं तपासा. हा न्याय मला तेव्हाही चीड आणायचा, आजही आणतो.

आणि वर्षं तर अशी, की आनंद हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात बोलावा. कापसानं माणसं खाल्ली ती ही वर्षं. कोण कसं गेलं, हे आमच्याकडं विचारायची पद्धतच उरली नव्हती. एका संध्याकाळी गावातली चार वजनदार माणसं वकीलसाहेबांच्या बैठकीत येऊन बसली. चहा झाला, सुपारी झाली, आणि एकानं विषय काढला.

"वकीलसाहेब, इथी लोकाइच्या घरी चुली पेटून नाही राह्यल्या, अन् तुमची बहीण नहरावर हवा खाऊन राह्यली. बरं दिसते काय?"

वकीलसाहेब काही बोलण्याआधी ताई आतून आल्या. "काहून हो काका, माह्या सायकलीनं कापसाचा भाव पडला काय? मी घरात बसली तर चढते काय? चढत असंल तर सांगा, आत्ता सायकल विहिरीत टाकते."

काकांची सुपारी घशात अडकली. त्या चौघांतल्या दोघांच्या अंगणात नवीकोरी चारचाकी उभी होती, हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

कालव्याच्या पुलापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथली जमना त्या वर्षी कापसापायीच विधवा झाली होती. तिशीची असेल नसेल. कापूस वेचायला जाताना ती पाळ ओलांडायची, डोक्यावर कायम काहीतरी ओझं. तिनं एकदा ताईंना थांबवलं.

"बाई, तू दर आठ दिवसानं येते. तुहं काही हरपलं काय इथी?"

"नाही बा. नुसती फिरते."

जमनाला ते पटेना. तिनं सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि मागं काहीच नाही हे बघून म्हणाली, "मी जल्मात कधी रिकामी नाही चालली."

ताई खाली उतरल्या आणि सायकल तिच्या हातात दिली. झालं! त्यानंतरचे कित्येक रविवार मी चालता चालता तो तमाशा पाहिला. जमना पेडल मारतेय, ताई सीट धरून धापा टाकत मागं पळताहेत, आणि दोघी मिळून बेशरमाच्या झुडपात. एकदा तर जमना सायकलीसकट कोरड्या कालव्यात घरंगळली आणि तिथंच बसून इतकी हसली, की मी आधी घाबरलो. नवरा गेल्यापासून ती हसली नव्हती, असं तिची सासू पुढं मला म्हणाली.

आणि मग ते पाहुणे आले.

त्या काळात आमच्याकडं पाहुण्यांचा सुकाळ होता. मोठ्या गाड्या यायच्या, माणसं उतरायची, हळहळायची, फोटो काढायची, संध्याकाळच्या आत नागपूर गाठायची. त्यातलीच एक गाडी त्या रविवारी मनाईची पाटी ओलांडून सरळ पाळीवर आली. तांड्याला जायला सडक होती, पण पाळीवरून जवळ पडतं असं कोणीतरी सांगितलं असणार. जमना एकटीच सायकल चालवत समोरून येत होती, तोल सांभाळत, तोंडभर हसत. गाडी पाहून ती बिचकली आणि कशीबशी उतरली. मी आणि ताई मागून धावत पोचलो. तोवर गळ्यात कॅमेरा लटकवलेला एक गृहस्थ तिला तिचं नाव, नवऱ्याचं नाव विचारून मोकळा झाला होता.

"अरेरे," तो आमच्याकडं वळून शुद्ध मराठीत म्हणाला, "याच का त्या? जरा सांगता का त्यांना, सायकल बाजूला ठेवा, डोक्यावर पदर घ्या आणि तिथं बांधावर बसा. आणि हसू नका म्हणावं. फोटोत बरं दिसत नाही."

जमनानं खरोखर पदर ओढला. त्या ओढण्याचा मला आजही संताप येतो. ओढणारीचा नाही, ओढायला लावणाऱ्याचा.

ताईंनी तिच्या हातून सायकल घेतली आणि गाडीच्या पुढं आडवी उभी केली. "इथी रडाची जागा नाही हे. रडाले तिले घर आहे, रात्र आहे. तुमच्यासाठी ती दिवसा कायले रडंल?"

"अहो, आम्ही यांच्या भल्यासाठीच..."

"भलं कराचं तर पाटी वाचा पहिले. गाड्याइले मनाई आहे. घ्या मागं!"

आता पाळीवर गाडी वळत नाही. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला उतार. जिथून पाळ सुरू होते तिथपर्यंत ती एवढी मोठी गाडी उलटी न्यावी लागली. ड्रायव्हर मान मोडेस्तोवर मागं बघतोय, कॅमेरावाला खाली उतरून "आने दो, आने दो" करत पळतोय, आणि ताई सायकल धरून पावलापावलानं गाडीच्या नाकासमोर चालताहेत. जमनानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, तरी हसू फुटत होतं.

याची किंमत जमनानं दिली. पाहुणे जाता जाता कुठंतरी बोलले, की इथल्या बायका तर मजेत सायकली फिरवतात, दुःख वगैरे काही दिसलं नाही. गाव खवळलं. तांड्यातही कुजबुज झाली, एका बाईच्या हौसेपायी आता आपलं कोणी खरं मानणार नाही. नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, जमनाला बोलावून सायकलीला हात लावायचा नाही असं बजावलं.

ताईंचा त्या रात्रीचा चेहरा मी विसरणार नाही. "म्हणजे माणूस रडलं तरच खरं, हसलं का खोटं? असं कोणतं कोर्ट आहे हो?" त्या मला विचारत होत्या, जणू कोर्ट मीच काढलं होतं.

पण त्या तांड्यावर भांडायला गेल्या नाहीत. दर रविवारी सायकल घेऊन पुलापर्यंत जायच्या, ती कठड्याला टेकवून ठेवायच्या आणि बाभळीखाली बसून राहायच्या. स्वतःही चालवायच्या नाहीत. ऊन चढलं की घरी. असं अख्खी थंडीभर चाललं. मी एकदा म्हटलं, ताई, ती नाही यायची. त्या म्हणाल्या, "न येऊ दे. सायकल तर दिसते तिले."

होळी झाली आणि एका रविवारी जमना आली. सोबत सासू होती. म्हातारीनं पुलावर बैठक मारली, तांड्याकडं तोंड केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माहा पोरगा गेला. हिचे पाय नाही गेले. कोणाले काही म्हणाचं असंल तर मले म्हणा." पोटचा मुलगा गमावलेल्या बाईला कोण काय म्हणणार? नायक त्या वाटेनं आला आणि मान खाली घालून गेला.

पुढं काही वर्षांनी ताईंचे गुडघे गेले. सायकल भिंतीला टेकली. वकीलसाहेब सुटले, असं मला वाटलं. आणि एका रविवारी मोरीवर गेलो तर साबणाची वडी जमिनीवर, विटा रिकाम्या. बाहेर येऊन बघतो तो जमना दारात, सायकलीला कॅरिअर बसवलेलं, त्यावर उशीची घडी. ताईंनी वहिनींच्या, म्हणजे वकीलसाहेबांच्या बायकोच्या, खांद्याचा आधार घेतला, कॅरिअरवर बसल्या आणि जमनाच्या कमरेला धरलं. त्या सायकलीवर ओझं म्हणून मी काय ते तेवढं एकच पाहिलं.

ताई गेल्या, मीही ते गाव सोडलं, त्याला आता बराच काळ झाला. मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला गेलो होतो. पाळीवर जमना दिसली, तीच सायकल. कॅरिअर पुन्हा काढलेलं होतं. तिनं मला ओळखलं नाही. मी मुद्दाम विचारलं, "बाई, कुठी चालल्या?"

"कुठीच नाही," ती म्हणाली, आणि न थांबता पुढं गेली.