दिराचं पिकअप

गॅरेजवरून जाताना गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास आला की मला माझा धाकटा दीर आठवतो. जळगावात त्याने जुन्या जीपला टर्बो बसवला आणि मागच्या ॲक्सलला क्राउन-पिनियनच्या दातेरी चाकांची जोडी घातली ती ओझं ओढणाऱ्या गाडीची, म्हणजे उचल जोरात पण वेग कमी, का तर सिग्नलला सगळ्यांच्या आधी उडी मारायची. मी म्हटलं, "भाऊजी, टर्बोत ताकद आहेच, हायवेला पळेल असा गिअरचा रेशो टाका." "वहिनी, तुम्ही भाकरी बघा," असं म्हणून तो मित्रांकडे बघून हसला. त्याच आठवड्यात सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला न्यायचं होतं. भर उन्हात साठच्या वर इंजिन नुसतं किंचाळत होतं, केळीचे ट्रक आम्हाला मागे टाकत होते आणि हा म्हणे, "पिकअप बघा!" पारोळ्याजवळ रेडिएटर उकळून वाफा निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "माले उतारी दे, बस बरी शे." आम्ही दोघी एसटीने कशाबशा वेळेत पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा समोर तोच उभा होता, आणि त्या हसल्या, आईच ती. मला मात्र त्याचं तोंड आजही बघवत नाही.